मंगळवारचा कागद

सोशल मीडियावरच्या एखाद्या छोट्या पानाभोवती माणसं कशी जमतात आणि जमलेली कशामुळे टिकतात, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. त्यातलं बरंचसं कपडे, प्रवास आणि खाणंपिणं विकणाऱ्यांच्या अनुभवावर बेतलेलं असतं. मला हा प्रश्न जिथे विकायला काहीच नाही अशा विषयावर घासून पाहायचा आहे. तो विषय म्हणजे मोडी लिपी. विसाव्या शतकाच्या मध्याला ती शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात, धुळ्यात, कोल्हापुरात, तंजावरात तिचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून पडले आहेत, आणि ते सरळ वाचू शकणारी माणसं फार थोडी आहेत.

त्यासाठी दोन माणसं कल्पिली आहेत. आत्या पुराभिलेखांचं काम करून निवृत्त झालेली. इन्स्टाग्रामवर दर मंगळवारी मोडी कागदाचा एक तुकडा टाकते. भाचा पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेत कंपन्यांची पानं सांभाळतो. दोघंही मनापासून बोलतात. मला मात्र दोघं सारखीच पटतात असं नाही, हे आधीच सांगतो.

भाचा: आत्या, पान सुरू करून दोन वर्षं होऊन गेली आणि फॉलोअर साडेतीन हजारांच्या आसपास. आकडा लहान आहे म्हणून मी बोलत नाही. तुला जे येतं ते येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मग ते एवढ्याच लोकांपर्यंत का अडून राहावं?

आत्या: अडून राहावं असं मी कधी म्हटलं? तुझी घाई मला कळते. पण मी काय टाकते ते एकदा नीट बघ. पहिल्या चित्रात नुसता कागद, चार-पाच ओळी, मोठ्या करून. दुसऱ्यात तोच कागद, पण शब्द जिथे सुटतात तिथे लाल रेघ. तिसऱ्यात देवनागरी. आणि शेवटी एकच गोष्ट शिकवायची. दोन नाही.

भाचा: लाल रेघच का? लोकांना अक्षरं ओळखायची असतात ना?

आत्या: तिथेच सगळे अडखळतात. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जातो. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. बाराखडी पाठ केलेली मुलं माझ्याकडे यायची आणि कागद समोर ठेवला की गप्प. अक्षर कळतं, पण शब्द कुठे संपला ते कळत नाही. म्हणून सुरुवातीचे कित्येक मंगळवार मी फक्त तोडायला शिकवलं. ते पाहून जो पहिल्यांदा एक ओळ स्वतः वाचतो, तो जात नाही.

भाचा: म्हणजे तुझ्याकडे माणसं टिकतात. मान्य. पण येतात कुठे? इन्स्टाग्राम टाकलेल्या क्रमाने दाखवत नाही, हे २०१६ पासूनचं आहे. तू मंगळवारी टाकलंस म्हणून मंगळवारी दिसेल असं नाही. आधी थोड्या लोकांना दाखवतात, ते काय करतात ते बघतात, मग पुढे ढकलतात किंवा तिथेच सोडतात. आठवड्यातून एक पोस्ट म्हणजे आठवड्यातून एकच संधी. मी रोज एक रील टाकायला सांगतो ते हौसेखातर नाही. सात वेळा टाकलंस तर काय चालतं ते सात वेळा कळतं.

आत्या: आणि सातही दिवस मी काय सांगू?

भाचा: तुझ्याकडे आयुष्यभराचं आहे.

आत्या: आहे. पण एक तुकडा वाचायला, ताडून बघायला, शंका असेल तिथे दुसऱ्या जाणकाराला विचारायला मला दोन-तीन दिवस लागतात. रोज टाकायचं म्हटलं की ताडणं जाईल. मग माझ्या पानात आणि कुठल्याही पानात फरक काय राहिला?

इथे भाच्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणले, आणि तेव्हापासून नवख्या माणसाला अनोळखी लोकांपर्यंत नेणारी सर्वांत रुंद वाट तीच राहिली आहे. ती वाट वापरूच नये, असं म्हणणं हा निव्वळ अभिमान ठरेल. भाचा ते म्हणतो तेव्हा तो उथळ बोलत नाही. तो जे सांगत नाही ते असं, की 'रोज टाका' हा सल्ला ज्या धंद्यांतून आला, तिथे एक पोस्ट चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही. मोडीच्या कागदात एक नाव चुकीचं वाचलं गेलं, तर ते उतरवून घेणाऱ्या माणसाच्या वहीत वर्षानुवर्षं राहतं.

भाचा: बरं, मग आकड्यांतूनच सांगतो. तुझ्या सगळ्या पोस्टमध्ये सुहूर सनाची पोस्ट सर्वांत वर आहे. का, ते तुला ठाऊक आहे?

आत्या: लाइक तर तिला थोडेच आहेत.

भाचा: लाइक थोडेच. पण सेव्ह किती आहेत बघ. आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली ते बघ. इन्स्टाग्रामचा प्रमुख अॅडम मोसेरी यानेच २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं, की पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन आहे, आणि जे आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत जायचं तर पाठवण्याला जास्त. तुझी ती पोस्ट लोक एकमेकांना पाठवतायत. म्हणून मी म्हणतो, तशाच कर.

आत्या: ती का पाठवतात ते मी सांगते. जुन्या पत्रावर हा सुहूर सन अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ'. वाचणारा तिथेच थांबतो. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. आता कागद मृग लागल्यापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे जून १७६० ते मे १७६१. पानिपताचं वर्ष. एवढं एका चित्रात मावतं, आणि ते हाताशी असलं की माणूस घरातल्या कागदाची तारीख स्वतः काढतो. वाचून बरं वाटलं म्हणून त्याने ते ठेवलं नाही, पुढच्या कागदाला लागणार म्हणून ठेवलं.

भाचा: अगदी. मग मुसलमानी महिन्यांची नावं, तारखेआधी येणारा 'छ', पत्राच्या शेवटचं 'लेखनसीमा' आणि 'मोर्तब सुद', या सगळ्यांची एकेक पोस्ट हवी. आणि त्यातल्या मोजक्या पानाच्या वर पिन केलेल्या हव्यात. आज कुणी नवीन माणूस तुझ्या पानावर आला तर त्याला मागच्या मंगळवारचा तुकडा दिसतो. त्याला काय कळणार? सुरुवात कुठून करायची ते वर दिसायला हवं.

आत्या: हे मला सुचलं नव्हतं. हे करू.

भाच्याचं हे म्हणणं मला त्याच्या सगळ्या बोलण्यात मोलाचं वाटतं. नेमाने टाकणाऱ्यांच्या पानांवर हा दोष नेहमी दिसतो. ते सुरुवातीपासून सोबत असलेल्यांशी बोलत राहतात आणि आज दार उघडणाऱ्याला आत कुठे बसायचं ते कळत नाही. त्यावरचा उपाय पोस्टची संख्या वाढवणं हा नाही. दोन-तीन पोस्ट अशा हव्यात की ज्या कधी शिळ्या होत नाहीत, आणि त्या कायम समोर हव्यात.

भाचा: आता खरं सांग. मी मागे एक रील करून दिलं होतं. बोरूने लिहिताना हाताचं चित्रण, खाली पार्श्वसंगीत, आणि ओळ होती, 'ही लिपी तुमच्या आजोबांना वाचता येत होती.' एका रीलने किती माणसं आली, आठवतं?

आत्या: आठवतं. रीलही सुंदर होतं. पण आलेल्यांनी पुढच्या मंगळवारी काय केलं तेही मी पाहिलं. थोडे थांबले. बाकीच्यांना बोरूचा हात पुन्हा बघायचा होता. काहींनी फक्त शिवाजी महाराजांचं पत्र टाका म्हणून धोशा लावला. एकाने कुठून तरी आलेलं पत्र पाठवलं आणि हे महाराजांच्या हस्ताक्षरातलं आहे असं लिहा म्हणाला. मी नाही म्हटलं, तर त्याने माझ्या हेतूवर शंका घेतली.

भाचा: असे लोक कुठेही येतात. थांबलेले थोडेसुद्धा तुझ्या वर्षभराच्या वाढीएवढे होते. गर्दीतूनच माणसं मिळतात, आत्या. दारात कुणी आलंच नाही तर थांबणार कोण?

आत्या: हेही बरोबर आहे. मी रील नको म्हणत नाही. रीलमध्ये जे दाखवशील ते मंगळवारच्या कामातलंच असू दे. लाल रेघ ओढताना दाखव. शब्द सुटताना दाखव. ते पाहून जो येईल तो ज्यासाठी आला तेच त्याला इथे मिळेल. हात सुंदर दाखवलास तर सुंदर हात बघणारे येतील.

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. येणारा माणूस कशाला भुलून आला यावर तो टिकणार की नाही हे ठरतं. म्हणून लक्ष वेधण्याचं साधन आणि पुढे द्यायचं काम एकाच जातीचं असावं लागतं. मोडीच्या पानाने आजोबांच्या आठवणीवर माणसं बोलावली तर आठवण ओसरताच ती जातील. वाचता येण्याच्या आनंदावर बोलावली, तर पुढच्या कागदाला ती परत येतील.

भाचा: तुला माहितेय का, केव्हिन केली नावाच्या अमेरिकन लेखकाने २००८ साली एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, कलावंताला लाखो चाहते नकोत, हजार सच्चे पुरे. प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर खर्च केले की पोट भरतं. तू त्या हजारांच्या पलीकडे गेली आहेस. मग अभ्यासक्रम का नाही काढत? शुल्क लाव.

आत्या: वर्ग घेणाऱ्यांनी शुल्क घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण त्याच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत आहे. तो चाहता घेणारा आहे. माझ्याकडे जे पन्नास-साठ जण दर मंगळवारी खाली उत्तर लिहितात, ते घेणारे कमी आणि वाचणारे जास्त. त्यांच्यातला एखादा मला चुकीचंही ठरवतो. ते माझे चाहते नाहीत. ते उद्याचे वाचक आहेत.

भाचा: पन्नास-साठ?

आत्या: पन्नास-साठ. १८७८ साली पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघालं. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर. दर महिन्याला जुन्या बखरी, पत्रं, कविता थोड्या थोड्या करून छापायच्या. नेमाने यायचं, तुकड्यातुकड्याने यायचं आणि घेणारे मोजके असायचे. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धन दप्तरातली पत्रं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला घेतली, ती १९२४ मध्ये जाईपर्यंत सोडली नाहीत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, बावीस खंड. यांच्यातल्या कुणाच्या वाचकांची संख्या तुझ्या ऑफिसात कौतुकाला पात्र ठरली नसती. पण मराठ्यांचा इतिहास आज आपण ज्या कागदांवरून लिहितो, त्यातले किती तरी त्यांच्यामुळे वाचनात आले.

भाचा: त्यांना मासिक छापायला पैसे लागत होते म्हणून ते मोजके राहिले. तुला एक पोस्ट दहा हजारांना दाखवायला एक पैसाही लागत नाही. त्यांच्या अडचणीचा तू गुण करू नकोस.

हे उत्तर भाच्याने नेमकं दिलं. त्या माणसांना आज हे साधन मिळालं असतं तर त्यांनी ते पुरेपूर वापरलं असतं, याबद्दल मला शंका नाही. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं शोधत होते. एका चित्राने बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या मराठी घरातली पेटी उघडत असेल, तर त्यांनी ते चित्र नक्की पाठवलं असतं. आणि खरंच तसं होतं. संस्थानी शहरांतल्या घरांत खरेदीखतं, वतनाचे कागद, जमाखर्चाच्या वह्या आहेत, आणि त्या घरांतल्या तरुणांना ते कागद म्हणजे काय हे पहिल्यांदा फोनच्या पडद्यावर कळतं.

आत्या: तुला २०२३ चं आठवत असेल. सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि मोडी वाचणारा कोण आहे म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत विचारणा झाली. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तिच्यात जातीच्या रकान्यात नुसतं 'कु.' किंवा 'कुण.' असं असतं. एका संक्षेपावर कुणाच्या तरी मुलाचं शिक्षण अवलंबून. त्या दिवसांत माझ्या पानावर एकाएकी किती माणसं आली, तुला माहीत आहे.

भाचा: माहीत आहे. आणि तेव्हाच मी म्हटलं होतं, रोज एक नोंद टाक, वाचून दाखव. त्या महिन्यात पान कुठल्या कुठे गेलं असतं.

आत्या: आणि मी एकही टाकली नाही.

भाचा: तेच मला आजपर्यंत कळलेलं नाही. लोकांना याहून जास्त उपयोगाचं काय होतं?

आत्या: लोक मला घरच्या नोंदी पाठवत होते. आजोबांचं नाव, गाव, जात, कुणाच्या मुलाचा मृत्यू कधी झाला ते. त्यांनी मला विश्वासाने पाठवलं. ते चार लोकांपुढे ठेवायचा मला अधिकार नाही. आणि दुसरं, मी काय वाचलं याला कचेरीत किंमत नाही. तिथे दाखला लागतो, प्रमाणित नक्कल लागते. मी पानावर 'हे कुणबी आहे' म्हटलं असतं, तर तो माणूस त्या भरवशावर राहिला असता.

भाचा: मग काय केलंस?

आत्या: दोन गोष्टी केल्या. नोंदवही कशी भरली जायची, रकाने कोणते, संक्षेप कसे करायचे, हे नावं झाकलेल्या जुन्या नमुन्यावर दाखवलं. आणि नक्कल मागायला कुठे जायचं, अर्जात काय लिहायचं ते एका पोस्टमध्ये टाकलं. त्याशिवाय ज्यांनी निरोप पाठवले त्यांना एकेकाला उत्तर दिलं. महिनाभर संध्याकाळ त्यातच गेली.

भाचा: आणि ती उत्तरं पानावर दिसली नाहीत.

आत्या: नाही दिसली. पण त्यातले काही जण आज त्या पन्नास-साठांत आहेत. त्यांना काम झाल्यावर जायचं होतं. ते थांबले आणि आता स्वतः वाचतात.

माझ्या मते आत्या इथे जिंकते. सोशल मीडियावरच्या वाढीचे सल्ले देणारे 'उपयुक्त' म्हणजे आत्ता मागणी असलेलं, असं धरून चालतात. मागणी असलेली गोष्ट देताना एखाद्याचा विश्वास खर्ची पडत असेल, तर ती दिली की पुढे कुणी कागद पाठवत नाही, आणि कागद आले नाहीत तर मोडीचं पान चालवायला काही उरत नाही. भाच्याला हे महिन्याच्या आलेखात दिसणार नव्हतं. ते दिसायला लोक पुन्हा येतात का, हे पाहावं लागतं.

भाचा: एक विचारू? तू दर वेळी शंका असलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाकतेस. फाटलेल्या जागी टिंबं टाकतेस. माझं मत होतं, याने तू जाणकार वाटत नाहीस. पानावर ठामपणा लागतो.

आत्या: आणि आता?

भाचा: आता बघतो तर त्याच पोस्टवर सर्वांत जास्त बोलणं होतं. लोक येऊन म्हणतात, मला हे 'देशमुख' वाटतं, मला 'देसाई' वाटतं. भांडतात, पण कागद बघून भांडतात. आमच्याकडे कमेंट यायला काहीतरी वाद उकरावा लागतो. तुझ्याकडे प्रश्नचिन्ह पुरतं.

आत्या: प्रश्नचिन्ह मी त्यासाठी टाकत नाही. खरोखर कळलेलं नसतं.

भाचा: म्हणून तर लोकांना पटतं. बरं, मग मी माझ्या मागण्या कमी करतो. रोज नको. आठवड्यातून दोन. मंगळवारी तुझा कागद. शुक्रवारी मागच्या मंगळवारचं उत्तर, तीस-चाळीस सेकंदांचं रील, त्यात तुझा हात आणि लाल रेघ. लोकांनी दिलेल्या उत्तरांतली दोन-तीन घ्यायची, त्यांची नावं घ्यायची, परवानगी घेऊन. आणि व्हॉट्सअॅपचं चॅनेल. इन्स्टाग्राम दाखवो न दाखवो, तिथे ज्याने घेतलंय त्याच्यापर्यंत पोहोचतं. गावाकडचे तुझे लोक व्हॉट्सअॅपवरच असतात.

आत्या: चॅनेलवर उत्तर लिहिता येतं का?

भाचा: इन्स्टाग्रामसारखं खाली लिहिता येत नाही. बहुतेक वेळा प्रतिक्रियेची खूणच टाकता येते.

आत्या: मग ते सूचना द्यायला ठीक आहे. वाचन इन्स्टाग्रामवरच होऊ दे. मला त्यांची उत्तरं बघायची असतात. कोण कुठे अडतो ते कळलं की पुढचा मंगळवार ठरतो. आत्ता बहुतेक जण आकड्यांत अडतायत. जमाखर्चातली उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, हे अजून बसलेलं नाही. पुढचे तीन मंगळवार तेच.

भाचा: तीन मंगळवार फक्त पाव-अर्धा-पाऊण? लोक जातील.

आत्या: थोडे जातील. जे राहतील त्यांना सावकाराच्या वहीतलं पान वाचता येईल. आणि ऐक, शुक्रवारचं उत्तर मी देणार नाही. त्या पन्नास-साठांतली एक मुलगी आहे, इंदूरची. तिच्या आजोबांकडे खातेवह्यांचं आख्खं कपाट आहे आणि आकडे ती माझ्याहून चटकन वाचते. तिला विचारलंय. तिने हो म्हटलंय, पण कॅमेऱ्यापुढे बोलायला घाबरते.

भाचा: घाबरायचं कारण नाही. चेहरा नको, हातच दाखवू. तिला म्हणावं, फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकव, कागदावर उजेड डावीकडून येऊ दे, आणि एका वेळी एकच ओळ वाच.

आत्या: हे तूच सांग तिला. तिचा निरोप तुला पुढे पाठवते.